धाडच्या पेटीतील कागद

बुलढाण्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर धाड हे गाव लागते. तेथून थोडे पुढे गेले की बुलढाणा जिल्हा संपतो आणि जालना जिल्ह्याची हद्द सुरू होते. आज ही हद्द एखाद्या पाटीपुरतीच उरली आहे. पण एके काळी येथे दोन राज्यव्यवस्था, दोन कचेऱ्या आणि दोन लिप्या एकमेकींना भेटत असत. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्या दिवसापासून धाडच्या शेतकऱ्याचे कागद एका भाषेत आणि पलीकडच्या शिवारातील त्याच्या व्याह्याचे कागद दुसऱ्या भाषेत होऊ लागले.

या गावी काही काळापूर्वी एका वृद्ध गृहस्थांच्या घरी जाण्याचा योग आम्हांस आला. प्रार्थना झाली, चहा झाला. नंतर त्यांनी खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली आणि आतील कागद आमच्यापुढे ठेवले. सर्वांत खाली मोडीतील दोन जीर्ण पाने होती, आजोबांच्या वेळची. त्यांवर भोकरदन तालुक्यातील सासुरवाडीकडील जमिनीचा निजामी मुद्रांकाचा उर्दू कागद होता. मग इंग्रजी मथळ्याचा, मराठीत भरलेला एक छापील नमुना निघाला. सर्वांत वर, अजून घडीही न मोडलेली, अलीकडची एक सरकारी नोटीस होती. मोडी आम्हांला वाचता येत नाही, उर्दूही नाही. नोटीस मात्र मराठीत होती, बालबोध लिपीत, संगणकावर स्वच्छ टंकलिखित केलेली.

तिच्यातील शेवटचे वाक्य असे होते, की विहित मुदतीत लेखी खुलासा प्राप्त न झाल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल. कचेरीशी ज्याचा संबंध आला आहे अशा प्रत्येकाने हे वाक्य वाचलेले असते. बाबांनीही ते नातवाकडून दोनदा वाचून घेतले होते. त्यांना त्यातले तीनच शब्द लागले: ‘काहीएक म्हणणे नाही’. त्यांनी अर्थ लावला, की सरकारचे आपल्याविरुद्ध काही म्हणणे नाही. मोठ्या समाधानाने त्यांनी ती नोटीस पेटीत ठेवून दिली. मुदत टळून बारा दिवस झाले होते.

त्या रात्री परत येताना मनात एकच विचार घोळत राहिला. ज्या घराने मोडीचा काळ पाहिला, उर्दूचा पाहिला, इंग्रजीचा पाहिला, त्या घराला आपल्या मातृभाषेतील कागद कळू नये, हे घडले कसे? वाचकहो, या प्रश्नाचा मागोवा घेताना आम्ही बरेच मागे गेलो.

मराठीतील कचेरीच्या भाषेचा इतिहास सांगताना आरंभ राज्यव्यवहारकोशापासून करण्याची प्रथा आहे, आणि ती रास्त आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी १६७७ च्या सुमारास हा कोश सिद्ध करविला. दरबारात रूढ झालेल्या सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले होते. त्याआधी राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, प्रधानमंडळाची नावे बदलली गेली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. पेशव्यास मुख्य प्रधान म्हणावे असे ठरले. मात्र पुढे शंभर वर्षे महाराष्ट्राने ज्या शब्दाचा जयजयकार केला तो ‘पेशवा’ हाच. शब्दांचे नशीब राजाच्याही हाती नसते, याचे याहून मोठे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. फडणीस, चिटणीस आणि देशमुख यांनीही आपली नावे सोडली नाहीत.

कोश व्यर्थ गेला असे मात्र म्हणता येणार नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या तीन सालांची पत्रे शेजारी ठेवून त्यांतील फारसी शब्द मोजले होते. पहिल्या पत्रात फारसी शब्दांचेच राज्य आहे. शेवटच्या पत्रात ते बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. शंभर वर्षांत दप्तराची भाषा पालटली, हे खरेच.

पण आमचे मन अधिक रमते ते महाराजांच्या एका पत्रात. चिपळूणच्या बाजूला छावणीत असलेल्या जुमलेदारांना ते लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले धान्य व वैरण आताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेकडून ओरबाडू लागाल, आणि रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवलात तर एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, आग गवतास लागेल आणि सारी वैरण जळून जाईल. हुकूम एवढाच, की जपून वागा. पण तो उंदीर ज्याने एकदा वाचला तो विसरत नाही. या पत्रात फारसी शब्द भरपूर आहेत. तरीही पत्र जुमलेदाराला कळले असेल, आणि अर्थ समजून घेऊन आजच्या शाळकरी मुलालाही कळते. आमच्या सबंध प्रतिपादनाचे मर्म येथे आहे. शब्द कोणत्या कुळातला आहे हा एक प्रश्न आणि वाक्य वाचणाऱ्याला कळते की नाही हा दुसरा. गेली साडेतीनशे वर्षे आपण पहिल्या प्रश्नावर हिरिरीने भांडलो आणि दुसरा बहुधा दारातच उभा ठेवला.

तो ज्यांनी आत घेतला त्यांत एक आपल्या घरचे आहेत. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, विल्टशर परगण्यातले. येशूसंघात दाखल होऊन ते २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्याच्या ओव्यांचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. आम्हांला येथे त्याची गद्य प्रस्तावना आठवते. ती फारशी कोणी वाचत नाही. या देशातील भाषांत मराठी ही देवाच्या गोष्टी सांगण्यास योग्य वाटली, असे ते तेथे म्हणतात. परंतु शुद्ध मराठी सामान्य लोकांस कळत नाही. म्हणून जुन्या कवींचे बहुतेक अवघड शब्द आपण टाकले आणि तेथील ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द जागोजागी मिसळले, असा खुलासा ते देतात. ज्या परदेशी माणसाने इतक्या कष्टाने ती शुद्ध भाषा हस्तगत केली, त्याने ती मिरवण्याचा मोह आवरला. हा त्याग लहान नव्हे. लेखणी धरणाऱ्या कोणाही माणसाला विचारा.

स्टीफन्स हे ज्या संघातून आले त्या संघात कामकाजाच्या लेखनाची शिस्त होती, हेही सांगितले पाहिजे. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. त्याच वर्षीच्या १० डिसेंबरला संत इग्नासी यांनी रोमहून पीटर फाबर यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आपण मुख्य पत्र एकदा लिहितो, मग ते तपासून दुरुस्त करतो आणि पुन्हा नव्याने लिहितो किंवा लिहवून घेतो, असे ते सांगतात. कारण बोललेले विरून जाते, लिहिलेले मागे राहते. इतरांना दाखवण्याजोगा मजकूर मुख्य पत्रात असावा आणि किरकोळ गोष्टी वेगळ्या चिठ्ठीवर लिहाव्यात, असा त्यांचा दंडक होता. हजारो मैलांवरून येणाऱ्या, वर्षावर्षाने पोहोचणाऱ्या पत्रांवर ज्या संस्थेचा कारभार चालत होता तिला असंबद्ध लिहिणे परवडणारे नव्हते.

यावरून ख्रिस्तसभेने सदैव लोकांच्या भाषेची कड घेतली असा समज कोणी करून घेऊ नये. ८१३ साली तूर येथील धर्मपरिषदेने बिशपांना आज्ञा केली होती, की प्रवचने रांगड्या रोमन बोलीत वा जर्मन बोलीत सांगावीत, म्हणजे ती सर्वांना समजतील. तरीही मिस्साविधी लोकभाषेत येण्यास पुढे साडेअकराशे वर्षे लागली. उपासनेविषयीचा व्हॅटिकन परिषदेचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा आहे. गोव्यात तर उलटीच गंगा वाहिली. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. तेथील अनेक धर्मगुरूंना ते मानवले, हे आपण लपवून ठेवण्यात अर्थ नाही. स्टीफन्स जाऊन तेव्हा पुरती सत्तर वर्षेही झाली नव्हती.

एकोणिसाव्या शतकात मराठीच्या नशिबी आणखी एक स्थित्यंतर आले आणि त्याचे श्रेय-अपश्रेय बव्हंशी मेजर थॉमस कँडी यांच्याकडे जाते. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाच्या कामात ते होते. पुढे सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. शाळेच्या पुस्तकांवर आणि कायद्यांच्या भाषांतरांवर वर्षानुवर्षे त्यांची नजर फिरत होती. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते, आणि आम्ही ते फार मोठे मानतो. मोडीत लेखणी न उचलता ओळ संपेपर्यंत लिहीत जावयाचे. शब्द कोठे तुटतो, वाक्य कोठे थांबते हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे. धाडच्या पेटीतील त्या मोडी पानांकडे पाहताना हेच जाणवले, की त्यांत थांबण्याची जागाच नाही. पूर्णविराम ही वाचणाऱ्यावर केलेली दया आहे. परंतु कँडीसाहेबांच्या देखरेखीखाली इंग्रजीची वाक्ये ज्या रीतीने मराठीत उतरली ती रीतही त्यांच्याबरोबरच आली. भाषांतरित मराठीचा हा थाट विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पिढीला खुपला. कचेरीने मात्र तो मनापासून स्वीकारला. ‘करण्यात येत आहे’, ‘निदर्शनास आणून देण्यात येते’, ‘असे आढळून आल्यास’: यांत कोणी काही करीतच नाही, सर्व काही आपोआप होत असते. आमच्या आजीने आयुष्यात कधी ‘भाकरी करण्यात आली आहे’ असे म्हटले नाही.

वऱ्हाडाचा प्रवास या बाबतीत थोडा वेगळा झाला. १९०३ पासून तो मध्यप्रांताला जोडला गेला आणि बुलढाण्याच्या वरिष्ठ पत्रव्यवहाराचे तोंड नागपूरकडे वळले. वरचा कारभार इंग्रजीत, खालचा मराठीत. हद्दीपलीकडे निजामाच्या मुलखात फारसीची जागा १८८० च्या दशकात उर्दूने घेतली आणि ती १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत टिकली. स्वातंत्र्य आल्यावर नागपूर सरकारने डॉ. रघुवीर यांना परिभाषेचे काम सांगितले. या विद्वानाने संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय घेऊन इंग्रजीतील प्रत्येक संज्ञेला जोड घडविण्याचा विक्रम केला. त्यांच्या व्यासंगापुढे मान लवते. पण बाजारात, कचेरीच्या ओसरीवर, त्या शब्दांची थट्टाच अधिक झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

नव्या राज्याने पहिल्या काही आठवड्यांतच, ६ जुलै १९६० रोजी, भाषा संचालनालय स्थापन केले. त्यामागची तळमळ खरी होती. राज्य मराठी माणसाचे झाले, तर त्याचा कागदही मराठी व्हावा. १९६२ च्या सुमारास पदनाम कोश निघाला आणि आचार्य अत्र्यांनी त्याचे एका शब्दात बारसे केले: ‘बदनाम कोश’. सारा महाराष्ट्र हसला. आज साठ वर्षांनी हिशेब मांडला तर त्या हसण्यात अन्यायही दिसतो. जिल्हाधिकारी, आयुक्त, कार्यकारी अभियंता, गटविकास अधिकारी हे शब्द आता कोणाला अवघड वाटत नाहीत. धाडची शाळकरी पोरेही ते बोलतात. महाराजांचा ‘सचिव’ तर मुंबईत पुन्हा खुर्चीवर बसला. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे सावरकरांच्या भाषाशुद्धीतले शब्दही असेच पचले. दुसरीकडे तहसीलदार, मौजे ही जुनी यावनी मंडळी जागची हलली नाहीत, आणि त्यांना कोणी हलवूही नये. १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला, १९७३ साली शासन व्यवहार कोश आला. एकूण पाहता शब्दांची लढाई मराठीने जिंकली.

वाक्याची लढाई मात्र कोणी पुकारलीच नाही. बाबांच्या नोटिशीत त्यांना न कळणारा शब्द एकच होता, ‘विहित’. बाकीचे सगळे शब्द घरचे होते. घोटाळा झाला तो ‘आपले’ या शब्दाने कोणाकडे बोट दाखवावे हे वाक्याने न सांगितल्यामुळे. ‘तुम्ही पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. उत्तर आले नाही, तर तुमची हरकत नाही असे आम्ही समजू’ एवढे लिहिले असते, तर पेटीत जाण्याऐवजी तो कागद बुलढाण्याला गेला असता.

इंग्रजांच्या देशात ही दुसरी लढाई झाली, म्हणून तिचा उल्लेख करतो. ९ ऑगस्ट १९४० रोजी, बॉम्बवर्षावाच्या त्या उन्हाळ्यात, चर्चिल यांनी आपल्या मंत्र्यांना एक टिपण धाडले. विषय होता संक्षेप. अहवाल फार लांब येतात, मुद्दे शोधण्यात वेळ जातो, तेव्हा छोटे, नेमके परिच्छेद लिहा. युद्ध चालू असताना राष्ट्राच्या पंतप्रधानाला हे सांगावेसे वाटले. पुढे ब्रिटिश अर्थखात्याच्या विनंतीवरून सर अर्नेस्ट गॉवर्स या निवृत्त अधिकाऱ्याने सरकारी नोकरांसाठी साध्या शब्दांविषयी एक पुस्तिका लिहिली. ती १९४८ साली निघाली. आणि १९७९ साली क्रिसी माहर या बाईंनी लंडनला संसदेसमोरच्या चौकात न समजणारे सरकारी फॉर्म जाहीरपणे टराटरा फाडले. लहानपणी शाळा नीट न मिळाल्याने त्या स्वतः वयात येईपर्यंत निरक्षर होत्या. गॉवर्सच्या पुस्तकाइतकेच मोल आम्ही त्या फाटलेल्या फॉर्मांना देतो. अमेरिकेने तर २०१० साली सरकारी कागद साध्या भाषेत लिहिण्याचा कायदाच केला. आपल्याकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात स्थानिक भाषा ध्यानात घेऊन माहिती द्यावी असे म्हटले आहे. भाषा कोणती, हे तेथे आले. कशी, हे राहून गेले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आम्हांस आनंदच आहे.

येथे आमच्याच पदरातील निखारा दाखवणे भाग आहे. आमचे सेमिनरीतील शिक्षण इंग्रजीतून झाले. ईशज्ञान इंग्रजीत, टिपणे इंग्रजीत. खेड्यात आल्यावर आम्ही मनातल्या मनात भाषांतर करून मराठी प्रवचने देत असू. कबरस्तानाच्या वर्गणीसंबंधी आम्ही एकदा चर्चच्या फळ्यावर सूचना लावली. तिच्यात ‘सर्व संबंधितांनी’, ‘देय रक्कम’, ‘अदा करून सहकार्य करावे’ असे सगळे होते. मिस्सानंतर दोन बाया तिच्यापुढे उभ्या राहून वाचत होत्या. एकीने मिस्त्रीला विचारले, ‘काय लिवलंय फादरनं?’ तो घंटेची दोरी गुंडाळीत म्हणाला, ‘पैसे रविवारपर्यंत द्या म्हणतेत.’ आम्ही दाराआड होतो. चार शब्दांत माझ्या अकरा ओळी त्याने संपवल्या होत्या. एवढ्यापुरते ‘आम्ही’ म्हणवत नाही.

आपल्या समाजात याहून चांगली उदाहरणे आहेत. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीयाने नगरच्या बाजूला मराठी मासिक सुरू केले तेव्हा त्याला ‘निरोप्या’ हे नाव दिले. ‘संदेशवाहक’ असे काही त्यांना सुचले नसेल असे नाही. पण निरोप घेऊन येणारा माणूस त्या वेळच्या प्रत्येक वाडीला ठाऊक होता.

बाबांच्या नोटिशीचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा धाडला गेलो. उशिराबद्दल क्षमा मागणारा आणि म्हणणे ऐकून घेण्याची विनंती करणारा अर्ज लिहावयाचा होता. पहिला मसुदा दीड पान झाला. त्यात ‘सदर’ चार वेळा आले होते. रात्री दिव्याखाली बसून तो सात ओळींचा केला: नोटीस कधी मिळाली, काय समजलो, काय चुकले, जमीन कोणाची, कागद कोणते जोडले, काय मागणे आहे. सकाळी तो बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी आम्ही ‘आपला आज्ञाधारक’च्या वर एक वाक्य घातले होते, की माझ्या अज्ञानामुळे ही चूक घडली. तेथे त्यांनी हात वर केला.

‘तेवढं काढा फादर,’ ते म्हणाले. ‘मी अडानी नाई. त्यायनं नीट लिवलं नव्हतं.’

आम्ही ते वाक्य खोडले. सहा ओळी उरल्या. त्यांनी सही केली आणि नातू तो अर्ज घेऊन बुलढाण्याच्या बसला गेला.